सोंगणीच्या दिवसांतली उंच गाडी

सोयाबीन सोंगून वावरात पडलं की त्याला एक वास सुटतो. वाळल्या पाल्याचा, थोडा तेलकट, थोडा मातीचा. दसरा होऊन गेला की हा वास आमच्या गावात शिरतो आणि थ्रेशर निघून जाईपर्यंत हलत नाही. दांडीवरच्या धुतल्या कपड्यांना लागतो, मुलांच्या केसांत बसतो. परवा सकाळी मी अंगणवाडीत नोंदी करत बसले होते, तेव्हा तो खिडकीतून आत आला. पाठोपाठ डोंगराकडून ढगांची एक काळपट पट्टी वर चढली. हातातलं पेन थांबलं. नाकात सोयाबीनचा वास होता, पण त्याच्या मागून मला आणखी एक वास यायला लागला. शिळ्या पेट्रोलचा.

हे दोन वास माझ्या डोक्यात एकमेकांना बांधले गेलेत. चार वर्षं झाली त्याला. दरवर्षी सोंगणीच्या दिवसांत आभाळ भरून आलं की मला तो हंगाम आठवतो, गाय बांधायचा आमचा कोठा आठवतो आणि कोठ्यात उकिडवी बसून एका उंच मोटरसायकलीकडे पाहणारी माझी धाकटी जाऊ, वनिता.

आमचं गाव मेडशीपासून आत आहे. घर गावात, वावर चार किलोमीटरवर, नाल्यापलीकडे. मधला रस्ता पांदणीचा, वावरांमधून जाणारी कच्ची वाट. माती काळी. उन्हाळ्यात हिला भेगा पडतात, पाऊल आत जाईल एवढ्या. पावसात ती अशी धरते की चप्पल तिथंच राहते आणि माणूस पुढे जातो. मोटरसायकलीचं तर ती काही चालू देत नाही. चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या जागेत चिखल भरत जातो आणि वीसेक पावलांवर चाक जाम होतं. उतरायचं, काडीनं चिखल उकरायचा, पुन्हा वीस पावलं. म्हणून त्या दिवसांत पांदणीच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागलेली असते आणि माणसं पुढे पायी गेलेली असतात.

माझा दीर उमेश पुण्याकडे कंपनीत आहे. त्या हंगामाच्या आदल्या दिवाळीत तो एक गाडी घेऊन आला. कंपनीतल्या कुणा मित्राकडून जुनी विकत घेतलेली, डोंगरात पळवायची. असली गाडी आमच्या गावानं पाहिली नव्हती. उंच, अंगानं सडपातळ, टायरला बोटाएवढ्या गाठी आणि पुढचं मडगार्ड चाकापासून चांगलं वीतभर वर, जसं काही बसवताना चुकलंय. चौकातल्या माणसांनी तिला फेऱ्या मारून पाहिलं. एकानं विचारलं, "यावर बसून बोरं तोडतं का, उमेश?" आमच्या सासऱ्यांनी, मामाजींनी, ओट्यावरून एकदा नजर टाकली आणि म्हणाले, "हिच्यावर खताचं पोतं बसत नाही." त्यांच्या लेखी गाडीचा विषय तिथं संपला.

उमेश चार दिवस ती वावरातून उडवत राहिला आणि सुट्टी संपल्यावर निघून गेला. गाडी कोठ्यात गाईशेजारी उभी राहिली. तिच्यावर जुनी चादर पडली, चादरीवर कोंबड्या बसू लागल्या.

वनिता लग्न होऊन आमच्याकडे आली तो त्याच्या आधीचा उन्हाळा. उमेशची तिकडे खोली होईपर्यंत ती आमच्यातच राहणार होती. ती शेलूबाजारची. हायवेला लागून तिच्या वडिलांचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान. वडिलांची नजर कमी झाली तशी बारीक कामं ही दुकानामागच्या पडवीत बसून करायची, हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की या पोरीच्या नखांत काळं असतं आणि हिला बंद पडलेली वस्तू बघवत नाही. आल्याच्या दुसऱ्या महिन्यात तिनं माझा मिक्सर खोलला. मग भिंतीवरचं घड्याळ, मग शिलाई मशीन. खोलताना प्रत्येक स्क्रू परातीत ओळीनं मांडायची, जिथून काढला त्याच क्रमानं.

मिक्सर चालू झाला, घड्याळही चालू झालं. तरी मी एकदा म्हणाले, "वनिता, हे घर हाये का गॅरेज?"

ती हसली. पण त्यानंतर मी स्वयंपाकघरात आले की ती हातातलं काम पदराखाली झाकायची. हे माझ्या लक्षात आलं होतं आणि तेव्हा मला ते बरंही वाटलं होतं. थोरल्या जावेचा शब्द राहिला, असं काहीतरी. आज ते लिहिताना बरं वाटत नाही.

तिनं एकदा मला सांगितलंही होतं, "बाई, थे गाडी महिन्यातून एकदा तरी चालू करा लागते. उभ्यानं खराब होते."

मी म्हणाले, "ज्याची हाये त्याले सांग."

अकरा महिने गाडी तशीच राहिली.

मग तो हंगाम आला. पीक चांगलं होतं. शेंगा भरलेल्या, दाणा टपोरा, सोंगणीही वेळेवर झाली. सगळं सोयाबीन एका जागी गोळा करून मामाजींनी वावरात सुडी लावली. सुडी म्हणजे सोंगलेल्या झाडांचा मोठा ढीग. थ्रेशर येईपर्यंत तो वावरातच असतो आणि तेवढे दिवस आमचा सगळा जीव त्यात अडकलेला असतो. ढिगात पाणी गेलं की आतून वाफ धरते, शेंगेतच दाण्याला कोंब येतात, दाणा काळा पडतो. जूनपासून केलेलं सगळं तिथं दोन दिवसांत जातं.

त्या सुडीवर टाकायच्या दोन ताडपत्र्या घरी होत्या, आणि त्या घरी असण्याचं कारण मी होते. उंदरांनी कुरतडून त्यांना भोकं पाडली होती. ठिगळं लावून दोन दिवसांत देते असं सांगून मी त्या वावरातून घरी आणल्या होत्या. त्यात अंगणवाडीत मुलांची वजनं घ्यायचे दिवस निघाले. दोनाचे चार दिवस झाले. मधे एक पाऊस येऊन गेला, तेव्हा मामाजींनी शेजारच्या वावरातून ताडपत्री मागून आणून वेळ निभावली, आणि मला काही बोलले नाहीत. ती दुसऱ्या दिवशी परत द्यावी लागली. माझं शेवटचं ठिगळ पाचव्या दिवशी सकाळी लागलं. संध्याकाळी घरधनी मालेगावहून आले की घेऊन जातील, असं ठरलं. ते थ्रेशरवाल्याला गाठायला गेले होते. मामाजी बैलगाडी घेऊन वावरात होते, आणि वावरात फोनला रेंज नाही.

दुपारी दोनच्या सुमारास उजेड बदलला. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या अचानक गडद दिसू लागल्या. मी बाहेर येऊन पाहिलं तर डोंगराची कड दिसेनाशी झाली होती.

शेजारचे नामदेवभाऊ ओट्यावर होते. मी त्यांना गाडी काढता का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, नाही म्हणत नाही मी. पन पांदणीत चाक फिरून नाही राह्यलं. सकाळीच गाडी अर्ध्यात टाकून आलो." त्यांच्या पायांवर पोटरीपर्यंत वाळलेला चिखल होता. ते खरंच बोलत होते.

मी घरात आले, एक ताडपत्री घडी करून डोक्यावर घेतली. मान दबली. वनिता दारात उभी होती.

"बाई, असं किती वेळ लागंन?"

"दीड तास. चिखल हाये."

तिनं आभाळाकडे पाहिलं. "तेवढा वेळ नाही हाये," ती म्हणाली, आणि कोठ्याकडे वळली.

मी तिच्या मागे गेले तेव्हा तिनं चादर ओढून काढली होती. कोंबड्या ओरडत पळाल्या. धुळीनं गाडीचा रंग ओळखू येत नव्हता. तिनं बटण दाबलं. कट् कट् आवाज आला आणि मग तोही बंद झाला. "बॅटरी गेली," ती स्वतःशीच म्हणाली. घरात जाऊन साडीखाली उमेशची जुनी पँट चढवून आली, ओचा खोचला आणि किक मारायला लागली. गाडी उंच, ही अंगानं बारीक. प्रत्येक किकला ती पूर्ण वर उचलली जायची. वीस झाल्या, पंचवीस झाल्या. गाडीतून काहीच उत्तर नाही.

"राहू दे, वनिता. अकरा महिन्यांची उभी हाये थे."

ती धापा टाकत उतरली. मला वाटलं आता सोडून देईल. तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला आणि शाळेतल्या बाईंसारख्या शांत आवाजात म्हणाली, "बाई, गाडीले तीनच गोष्टी लागते. पेट्रोल, ठिणगी आन् हवा. तिन्ही असल्या तर थे चालू न व्हायले कारण नाही. यातलं काहीतरी नाही हाये. काय नाही, थे पाह्यचं फक्त."

मग ती घरात जाऊन एक गुंडाळी घेऊन आली. जाड कापडाची, दोरीनं बांधलेली. उलगडली तर आत पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सगळं आपापल्या कप्प्यात. दांड्यांवरचा रंग धरून धरून उडालेला. वडिलांनी लग्नात दिलेली ती हत्यारं वर्षभरापेक्षा जास्त तिच्या पेटीत साड्यांच्या तळाशी होती. मी तिची सगळी पेटी पाहिली आहे असं मला वाटत होतं.

तिनं आधी बाजूचं झाकण काढून हवेची जाळी पाहिली, झटकली, परत बसवली. "हवा हाये." मग इंजिनाचा प्लग काढला, नाकाजवळ नेला, माझ्याही नाकाजवळ धरला.

"वास येते का पेट्रोलचा?"

"नाही."

"एवढ्या किका मारून कोरडा हाये. म्हंजे पेट्रोल आत येऊनच नाही राह्यलं. पन आधी ठिणगी पाहून घेऊ. पेट्रोल सांडल्यावर ठिणगी पाह्यली तर कोठा पेटंन. दार लोटा, बाई."

मी दार लोटलं. कोठ्यात अंधार झाला. तिनं प्लग वायरीला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि मला म्हणाली, "आता किक तुमी मारा."

"मी?"

"प्लग काढला का हलकी जाते. हातानंही जाते."

मी पाय ठेवून दाबलं. खरंच हलकी गेली. आणि प्लगच्या टोकाला एक निळी ठिणगी उडाली, तांदळाच्या कणीएवढी. मी पुन्हा दाबलं, पुन्हा उडाली. दाराच्या फटीतून वाऱ्याचा गार झोत येत होता, पाऊस कुठंतरी सुरू झाला असणार हे मला कळत होतं, तरी ती ठिणगी तिसऱ्यांदा पाहण्यासाठी मी पाय दाबला. माझ्या पायानं ती उडत होती.

"ठिणगी हाये," वनिता म्हणाली. "मंग राह्यलं पेट्रोल. दार उघडा आता."

तिनं टाकीखालची नळी काढून एका डब्यात सोडली. पेट्रोलची बारीक धार आली, मग थेंब आले, मग तेही थांबले. तिनं गाडी हलवली. टाकीत पेट्रोल डचमळल्याचा आवाज स्पष्ट आला. "आत हाये, पन खाली उतरून नाही राह्यलं." क्षणभर विचार करून तिनं टाकीचं झाकण उघडलं. फुस्स झालं आणि डब्यात जोरात धार पडली. तिनं झाकण उलटं करून मला दाखवलं. झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं. त्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, अगदी नीट, गिलावा केल्यासारखं.

"टाकीले वरून श्वास घ्या लागते, बाई. वरून हवा आत गेली नाही, तर खालून पेट्रोल येत नाही."

तिनं ते भोक मोकळं केलं, नळी लावली, प्लग लावला. मला वाटलं, झालं. तिनं किक मारली. दहाव्या की अकराव्या किकला इंजिन एकदा खोकलं. फट्. आणि पुन्हा गप्प.

त्याच वेळी गडगडलं. माझा धीर सुटला. सुडीजवळ एकटे उभे असलेले मामाजी मला दिसायला लागले. मी ताडपत्री उचलली. "मी पायी निघतो," मी म्हणाले.

वनिता गाडीजवळ खाली बसली होती. वर न पाहता म्हणाली, "पाच मिनिटं द्या, बाई. पाच मिनिटांत नाही झाली, तर दुसरी ताडपत्री मी डोक्यावर घेतो आन् तुमच्यासोबत येतो."

तिनं विनवणी केली नव्हती. राग नव्हता, फुशारकीही नव्हती. एवढ्या वेळात आपण काय पाहिलं आणि काय पाहायचं राहिलं, याचा तिच्याकडे पक्का हिशेब होता. त्या आवाजावर मी ताडपत्री खाली ठेवली.

तिनं कार्बोरेटर सैल करून तिरका केला आणि त्याची खालची वाटी काढली. आत पिवळट चिकट साका बसला होता. अकरा महिन्यांचं पेट्रोल आटून झालेला. त्या वासानं नाक भरून गेलं. हाच तो वास. वाटीच्या वरून तिनं पितळेचा एक बारीकसा भाग फिरवून काढला, नाकातल्या चमकीपेक्षा जरा मोठा. "हा जेट. यातून पेट्रोल इंजिनात जाते. पाहा बरं, भोकातून उजेड दिसते का."

मी तो डोळ्याशी धरून दाराकडे पाहिलं. अंधार.

"नाही दिसत. थांब, सुई आणतो."

"सुई नको. लोखंडानं भोक मोठं होते, मंग गाडी पेट्रोल पिते." तिनं खुंटीवरच्या जुन्या वायरीचा तुकडा तोडला, दातांनी सोलला आणि आतल्या तांब्याच्या तारांपैकी एकच तार वेगळी केली. "तांबं नरम असते." ती तार तिनं जेटमधून आरपार ओढली, एकदा, दोनदा. फुंकर मारली. पुन्हा मला दिला.

मी पुन्हा डोळ्याशी धरला. उजेड दिसला. मोहरीच्या दाण्याहून लहान, गोल, स्वच्छ. बाहेर सगळं आभाळ काळं होतं आणि तरी त्या भोकापुरता उजेड होता. आयुष्यात मी इतक्या लहान गोष्टीकडे इतक्या आशेनं कधी पाहिलं नव्हतं.

"दिसते," मी म्हणाले.

तिनं सगळं परत बसवलं. स्क्रू माझ्या परातीत ओळीनं मांडलेले होते. परात तिनं कधी घेतली ते मला कळलंही नव्हतं. एकेक स्क्रू क्रमानं उचलला जात होता, एकदाही तिला शोधावं लागलं नाही. मग चोक ओढून तिनं तीन किका हळू मारल्या, पेट्रोल चढू दिलं, आणि चौथी पूर्ण अंगानं.

गाडी चालू झाली. एवढा आवाज आमच्या कोठ्यानं कधी ऐकला नसेल. पांढरा धूर उठला, गाईनं दाव्याला हिसका दिला, पत्रे थरथरले. वनिता मान एका बाजूला कलवून ऐकत होती, तापलेल्या लेकराच्या छातीला कान लावावा तशी. हळूहळू चोक सोडत गेली. आवाज आधी अडखळला, मग एकसारखा झाला. तेव्हा कुठं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बसा, बाई."

मी मोटरसायकलीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून तोवर कधीच बसले नव्हते. त्या दिवशी साडी गुडघ्यापर्यंत खोचून बसले. दोघींच्या मधे ताडपत्र्या, माझ्या खांद्यावर दोराचं भेंडोळं. चौकातून गेलो तेव्हा ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली. एरवी मी मान खाली घातली असती. मी एकेकाकडे बघत गेले.

पांदण लागली. "पाय वर घ्या, मले घट्ट धरा आन् डोलू नका," वनिता म्हणाली. मागचं चाक आमच्याखालून सरकत होतं, पुन्हा धरत होतं. चिखलाचे गोळे बाजूला उडत होते. आणि ते मडगार्ड, ज्याला सगळं गाव हसलं होतं, ते वीतभर वर होतं म्हणून त्याच्यात काही अडकतच नव्हतं. नामदेवभाऊंची गाडी अर्ध्या वाटेत बाभळीला टेकून उभी होती. तिला मागे टाकून आम्ही नाल्यात उतरलो आणि पलीकडे निघालो. नाल्यात पहिले थेंब अंगावर आले, मोठे, सुटे.

मामाजी सुडीवर रिकामी पोती टाकत होते. एवढ्या मोठ्या ढिगावर सात-आठ पोती. आवाज ऐकून त्यांनी वळून पाहिलं आणि हातातलं पोतं तसंच धरून उभे राहिले. मी आणि वनितानं दोन टोकं धरली, मामाजींनी दोर ओढला, कडेला दगड लावले. दुसरी ताडपत्री वाऱ्यानं माझ्या हातून सुटली तेव्हा वनिता तिच्यावर पोटावर पडली आणि तिनं ती धरून ठेवली. शेवटची गाठ मारली आणि पाऊस आडवा-तिडवा कोसळायला लागला.

आम्ही तिघं बैलगाडीखाली बसलो. तासभर पडला. समोर ताडपत्रीवरून पाणी लोळत खाली जात होतं, माझ्या ठिगळांवरूनही जात होतं. मामाजी पूर्वीच्या वळणाचे. धाकट्या सुनेशी ते फारसं सरळ बोलत नसत. त्यांनी मला विचारलं, "गाडी कोनं चालू केली?"

"वनितानं," मी म्हणाले. "सगळी खोलली मामाजी, आन् जशीच्या तशी लावली. ठिणगी पाह्यली, टाकी पाह्यली, जेट साफ केला. मी होती ना तथी. मी पाह्यलं सगळं."

मी बोलतच राहिले. माशीचं घर सांगितलं, तांब्याची तार सांगितली. ज्या बाईनं 'हे घर हाये का गॅरेज' म्हटलं होतं, तीच आता पावसाच्या आवाजावर आवाज चढवून जेट म्हणजे काय ते सासऱ्यांना समजावून सांगत होती. वनिता चिखलानं भरलेले पाय पोटाशी घेऊन ऐकत होती. माझं सांगून झालं तेव्हा तिनं फक्त एक दुरुस्ती केली. "बॅटरीही बदला लागंन," ती म्हणाली.

आता ती गाडी ओट्याजवळ उभी असते आणि दर पंधरा दिवसांनी चालू होते. हत्यारांची गुंडाळी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर आहे, सगळ्यांना दिसेल अशी. उमेशनं फोनवर सगळं ऐकलं आणि गाडी विकायचा विचार सोडला. ती वनितालाच राहू दे म्हणाला. पुण्याला खोली झाली, वनिता तिकडे राहूनही आली, पण सोंगणीच्या दिवसांत ती इथं असते. परवा ढग पाहून मी अंगणवाडीतून घरी फोन लावला. ती म्हणाली, "मी कवाचीच वावरात ताडपत्र्या टाकून आली, बाई. तुमी मुलांचं पाहा." मी फोन ठेवला आणि पुन्हा पेन उचललं. मी अभिमान हा शब्द कधी फारसा वापरला नव्हता. आपल्या घरात तो पोरांच्या निकालासाठी राखून ठेवलेला असतो. जावेविषयी तो वाटू शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण त्या हंगामातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते आणखी पुढचं आहे. पाऊस उघडून चार दिवसांनी थ्रेशर आलं. सुडी उघडली. मी कोपरापर्यंत हात आत घातला. आत कोरडं होतं, ऊबदार होतं. मळणी सुरू झाली, दाण्यांची धार पडू लागली. दुपारी मात्र थ्रेशर फिरवणारा ट्रॅक्टर दोनदा अडखळला आणि बंद पडला. चालवणाऱ्यानं खटपट केली, काही होईना. दहा-बारा मजूर उभे राहिले.

तेव्हा मामाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थांबा. आमची सून पाह्यते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी त्यांच्या तोंडून 'आमची सून' असं चार माणसांत कधी ऐकलं नव्हतं. वनितानं हातातलं टोपलं खाली ठेवलं आणि ट्रॅक्टरजवळ गेली. सगळीकडून नजर फिरवली, एका नळीला बोट लावून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग वळून सरळ मामाजींनाच म्हणाली, "मामाजी, डिझेलचं इंजिन मले येत नाही. उगाच हात लावला तर बिघडंन."

मजुरांमधे कुणीतरी हसलं. मामाजींच्या शब्दाचं काय होणार, याची मला धाकधूक लागली. पण वनिताचा चेहरा जसा होता तसाच होता. ठिणगी हाये, पेट्रोल नाही हाये, हे तिनं कोठ्यात ज्या आवाजात सांगितलं होतं, त्याच आवाजात ती हेही सांगत होती. तिला काय येतं हे तिला माहीत होतं, म्हणून काय येत नाही हे सांगताना तिचं काही कमी होत नव्हतं. इतकी वर्षं मी माणसांत वावरते, मला अजून हे जमलेलं नाही.

मेडशीहून मिस्त्री आला. त्यानं खोलायला सुरुवात केली तशी वनितानं एक घमेलं मिस्त्रीजवळ उलटं ठेवलं आणि त्यावर जाऊन बसली. "हे काहून काढलं?" तिनं विचारलं. मिस्त्रीनं मान वर न करता तुटक उत्तर दिलं. तिनं पुढचा प्रश्न विचारला, तेव्हा त्याचा हात थांबला. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिला दिसेल असा तो भाग फिरवून धरला. त्यानंतर दोघं त्या इंजिनात डोकं घालून बोलत राहिले, आणि आम्ही बाकीचे धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून राहिलो.

मी तीन दगडांवर चहा ठेवला. मजुरांना मीच दिला. वळून पाहते तर मामाजी दोन कप उचलून घेऊन चाललेले. एक त्यांनी मिस्त्रीच्या हातात दिला. दुसरा वनिताजवळ जमिनीवर ठेवला. तिचं लक्षच नव्हतं. ती दोन बोटांनी एक नळी धरून मिस्त्री सांगेल ते ऐकत होती, ओठांनी ते शब्द पुन्हा म्हणत होती. मामाजींनी तिला हाक मारली नाही. वावरात कचरा उडत होता. त्यांनी कपावर बशी झाकली आणि तिचं होईपर्यंत तिथंच उभे राहिले.